आमची वाटचाल : शिवलेली नऊवारी आणि इन्स्टाचं पेज

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरचा लॉकडाउन सुरू झाला तोही त्याच दिवशी. गिरगावच्या शोभायात्रेसाठी शिवलेल्या नऊवाऱ्या आमच्याकडे इस्त्री करून तयार होत्या, बऱ्याच जणींचा फक्त अ‍ॅडव्हान्स आलेला, बाकीचे पैसे साडी नेताना द्यायचे असं आमच्याकडे पहिल्यापासून. न्यायला कोण येणार होतं!

तोपर्यंत आमचा धंदा म्हणजे करी रोडला चाळीतली एक खोली आणि दोन मशीन. सासूबाई कटिंग करणार, मी आणि एक कारागीर ताई शिवणार. गिऱ्हाईक सगळं तोंडी, लग्नात एकीची बघून दुसरी यायची, दादरच्या हिंदमाता मार्केटचे एकदोन साडीवाले पत्ता द्यायचे (पावसाळ्यात तिकडे पाणी भरलं की आमच्याकडेही दोन दिवस सामसूम). बाहेर साधी पाटीसुद्धा नव्हती, गरजच पडली नव्हती ना कधी. पण लग्नं थांबली, पाहुणेरावळे थांबले, मग कोण कोणाची साडी बघणार?

त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टावर रील्स आलं, टिकटॉक नुकतंच बंद झालेलं, आणि आमच्या भाच्याचं कॉलेज ऑनलाइन म्हणजे तो दिवसभर घरीच. म्हणाला मामी पेज काढूया, फुकट आहे. फुकट आहे म्हटल्यावर सासूबाई पण हो म्हणाल्या.

युजरनेम इंग्लिश अक्षरांतच घ्यावं लागतं, देवनागरी चालत नाही, म्हणून असं छोटं घेतलं की फोनवर सांगितलं तरी समोरची नीट टाइप करेल. पण त्याच्या खाली जी नावाची जागा असते तिथे मराठी चालतं, तिथे आम्ही दुकानाचं नाव न टाकता "शिवलेली नऊवारी मुंबई" एवढंच टाकलं, कारण आमचं नाव कोणाला माहीत आहे की शोधतील, शोधणारी बाई नऊवारीच शोधणार. बायोला १५० अक्षरं मिळतात. त्यात भाच्याला "परंपरेचा साज" वगैरे लिहायचं होतं, मी म्हटलं ते राहू दे, काय शिवतो, कुठे आहोत, शिलाई किती आणि ऑर्डर कुठे द्यायची एवढं लिही.

शिलाईवरून मात्र घरात वाद झाला. सगळ्या पेजवर "किमतीसाठी मेसेज करा" असतं तसंच करा, असं सगळ्यांचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही, भाव विचारायला लाज वाटते म्हणून निघून जाणाऱ्या बायका मी दुकानादुकानात बघितल्यात. आम्ही सरळ लिहिलं, साडी तुमची असेल तर शिलाई १,५०० पासून. फुकट चौकशा कमी झाल्या आणि जी मेसेज करते ती बहुतेक ऑर्डरच देते.

फोटोचं सांगायचं तर नऊवारीचा समोरून काढलेला फोटो कोणाचाही घ्या, सारखाच दिसतो, नथ, पदर, हसरा चेहरा. आमची खरी मेहनत मागे असते. काष्ट्याचे काठ पाठीमागून मधोमध सरळ एका रेषेत उतरले पाहिजेत, जरा तिरके गेले की लांबूनही कळतं. तर आम्ही मागूनच फोटो टाकायला लागलो, त्यात गिऱ्हाइकाचा चेहरा येत नाही, त्यामुळे परवानगी पण पटकन मिळते. ट्यूबलाइटमध्ये जांभळा रंग मोबाइलवर निळा दिसायचा, मग साडी सकाळी गॅलरीत नेऊन फोटो काढायचे ठरलं, शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे बाजूला करायला लावून (त्यावरून झालेली बोलणी वेगळीच).

बिझनेस अकाउंट केलं की कॉलचं बटण मिळतं, किती जणांनी बघितलं ते कळतं, पण सिनेमातली चालू गाणी बरीचशी वापरता येत नाहीत. भाचा वैतागला. मग आम्ही गाणंच लावलं नाही, कात्री कापडातून जातानाचा आणि मशीनचा आवाज तसाच ठेवला. सासूबाई न बोलता निऱ्या घालतायत, टाचण्या तोंडात धरलेल्या, ही आमची सगळ्यात जास्त बघितली गेलेली रील, आणि खाली निम्म्या कमेंट "काकू टाचण्या तोंडात नका धरू".

कमेंटमध्ये सगळ्या "सुंदर", "किती छान". खरे प्रश्न येतात मेसेजमध्ये आणि त्यातला पहिला प्रश्न ठरलेला, ताई ही घालून बाथरूमला जाता येतं का? येतं हो. नाडी किंवा हुक सोडून सलवारसारखी खाली घ्यायची, पदर खांद्याला पिनअप केलेला असेल तर तो फक्त सांभाळायचा. एवढं सांगितलं की समोरून लगेच माप कसं द्यायचं ते विचारतात. नंतर हे सगळे प्रश्न आम्ही स्टोरीत टाकून हायलाइट्समध्ये ठेवले, स्टोरी २४ तासात जाते पण हायलाइट राहतं. कंबर, सीट, कंबर ते घोटा उंची कशी मोजायची ते पण तिथेच आहे, हील्स घालणार असाल तर घालून मोजा हे तीनदा लिहिलंय तरी काहीजणी अनवाणीच मोजतात.

ऑर्डर मात्र व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरच घेतो, त्याला वेगळं सिम घेतलं. लेबल लावता येतात, "माप आलं", "अ‍ॅडव्हान्स आला", "कुरिअर केलं", आमची वही त्यामुळे सुटली. गुगलवर पण नोंद केली, घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त भाग दाखवता येतो, ते बरं पडलं, नाहीतर रात्री अकराला कोणी चाळीत येऊन कडी वाजवली असती.

पेज दिसायला लागलं की भामटे पण येतात. एकाने डान्स ग्रुपसाठी ढीगभर लावणी नऊवाऱ्या एकदम मागितल्या, भाव पण केला नाही, तिथेच शंका आली. मग म्हणे अ‍ॅडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात, हे घरात सगळ्यांना पाठ करून ठेवलंय. आणि कुठल्याशा पेजने आमचे मागून काढलेले फोटो उचलून स्वतःचे म्हणून टाकले, रिपोर्ट केल्यावर काही गेले, काही अजून आहेत. आता फोटोत मागे आमच्या गॅलरीचा हिरवा कठडा मुद्दाम येऊ देतो.

पोस्ट कधी टाकायची याचं गणित वर्षभरात बसलं. पाडव्याच्या दिवशी पाडव्याची नऊवारी टाकून फक्त लाइक येतात, शिवायला वेळ लागतो, त्यामुळे होळीच्या आधीच पाडव्याचं सुरू करायचं, आषाढात मंगळागौरीचं, दिवाळी झाली की लगेच लग्नाचं, कारण तुळशीचं लग्न लागलं की फोन थांबतच नाहीत. डोहाळजेवणाच्या ऑर्डर बारा महिने, त्यात कंबरेला हुक न लावता नाडीच ठेवतो.

फॉलोअर्स आमचे फार नाहीत, हजारोंनी असलेल्या पेजवाल्या मैत्रिणी विचारतात वाढवत का नाहीस. अहो, कारागीर दोन आहेत, सासूबाईंचे डोळे आता दुपारनंतर दुखतात, वाढवून शिवणार कोण? सध्या मंगळागौरीच्या ऑर्डर भरल्यात, गौरी-गणपतीसाठी साडी आणून देणार असाल तर नागपंचमीच्या आत आणा, त्यानंतर फक्त फॉल-बिडिंग घेऊ.