स्कॉटलंड वाचायचा तर जमिनीपासून

स्कॉटलंडचा इतिहास वाचायला घेणारे बहुतेक जण इंग्लंडशी लढलेल्या विल्यम वॉलेस आणि रॉबर्ट ब्रूसपासून सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात. 1290 नंतर गादीवर हक्क सांगणारे डझनभर सरदार, त्यांची एकमेकांत गुंतलेली नाती, आज इंग्लंडच्या बाजूने तर उद्या विरोधात. पन्नास पानांत दमछाक होते. 1314 ची बॅनकबर्नची लढाई महत्त्वाची आहेच, पण ती नंतर वाचली तरी काही बिघडत नाही. नागपूरच्या वाचकाने 1746 ते 1886 या काळापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. या काळातला मुख्य प्रश्न जमिनीचा आहे, आणि मालगुजारीच्या मुलखातल्या माणसाला तो फार समजावून सांगावा लागत नाही.

हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तर आणि पश्चिमेच्या डोंगराळ भागात, क्लॅनची, म्हणजे एका प्रमुखाखालच्या भाऊबंदांची, माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच खोऱ्यात राहायची. ही जमीन आपल्या सगळ्यांची आणि प्रमुख तिचा राखणदार, अशी त्यांची समजूत. कायद्याच्या कागदावर मात्र मालक एकटा प्रमुख. 16 एप्रिल 1746 ला कलॉडनच्या माळावर जॅकोबाइट, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्यांची, फौज तासाभरात मोडली. त्यानंतर प्रमुखांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले गेले. लढायला माणसं लागेनात, तेव्हा माणसांपेक्षा खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, मोलाचा झाला आणि खंड मेंढ्यांतून जास्त यायचा. आपल्याकडे 1860 नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी नागपूर, भंडारा, चांदा भागातल्या मालगुजारांना गावाची मालकी दिली. सारा गोळा करणारा माणूस कागदावर मालक झाला. (वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणून तिकडचं चित्र वेगळं.) मध्य प्रांताचा कूळकायदा 1883 चा, आणि हायलँड्सच्या कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क देणारा क्रॉफ्टर्स कायदा 1886 चा. ही दोन सालं शेजारी ठेवून वाचायला बसलात की पुस्तकातला अर्धा परकेपणा गळून पडतो.

पहिलं पुस्तक जॉन प्रेबलचं घ्या, ‘द हायलँड क्लिअरन्सेस’, 1963 चं. (क्लिअरन्सेस म्हणजे कुळांना जमिनीवरून हटवणं.) प्रेबल पत्रकार होता, जन्माने इंग्रज, बालपण कॅनडात गेलेला. त्याची भाषा वेगवान आहे, इंग्रजी बेताची असली तरी पुस्तक अडत नाही आणि राग मनापासूनचा आहे. पण एकट्या प्रेबलवर थांबायचं नाही. लगेच त्याच्यामागे टॉम डिव्हाइनचं ‘द स्कॉटिश क्लिअरन्सेस’, 2018 चं, वाचायचं. क्रम उलटा केलात तर डिव्हाइनमधले खंडाचे आणि लोकसंख्येचे आकडे कोरडे वाटतील, कारण ते आकडे कोणाच्या घरादाराचे आहेत हे अजून डोळ्यांसमोर आलेलं नसतं.

दोन्ही पुस्तकं एकाच घटनेवर तपासून बघायची असतील तर स्ट्रॅथनेव्हर घ्या. सदरलंड परगण्यातलं हे खोरं. जून 1814 मध्ये जमीनदारणीचा कारभारी पॅट्रिक सेलर कुळांना हुसकावायला माणसं घेऊन गेला. खोऱ्यातल्या मोठ्या मेंढीफार्मचा पट्टा त्याने स्वतःच्याच नावावर घेतलेला होता, म्हणजे जमीन रिकामी करणारा आणि तीवर मेंढ्या घालणारा माणूस एकच. विल्यम चिझम नावाच्या कल्हईवाल्याचं घर पेटवलं तेव्हा त्याची म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली आत होती. तिला बाहेर काढलं, पण काही दिवसांत ती गेली. एप्रिल 1816 मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला आणि सेलर निर्दोष सुटला. प्रेबल हा प्रसंग ज्याच्या आधाराने रंगवतो तो डोनाल्ड मॅक्लाउड त्याच खोऱ्यातला गवंडी. पण त्याने आपली पत्रं वर्तमानपत्राला लिहिली 1840-41 मध्ये, पंचवीसेक वर्षांनंतर. 1819 च्या हुसकावणीत एका रात्री टेकडीवरून अडीचशे जळती घरं मोजली, हा प्रसिद्ध आकडाही त्याचाच. म्हणून मॅक्लाउड खोटा ठरत नाही. घर गेलेल्या माणसाची साक्ष म्हणून तिचं वजन मोठं आहे. पण आकडा एकाच साक्षीदाराचा आणि आठवणीतला आहे, हे समासात लिहून ठेवा. पुढच्या चार पुस्तकांत तोच आकडा भेटला की ते चार पुरावे नव्हेत, एकच आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

डिव्हाइनचा सगळ्यात मोठा मुद्दा दक्षिणेकडच्या सपाट मुलखाबद्दल, लोलँड्सबद्दल आहे. तिथंही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉटर, म्हणजे मजुरीच्या बदल्यात जमिनीचा तुकडा कसणारी कुटुंबं, जमिनीवरून गेली. पट्टे संपले तसे ते नवे झाले नाहीत आणि माणसं गुपचूप शहरांकडे सरकली. घरं पेटली नाहीत म्हणून त्यांची गाणीही झाली नाहीत. ही प्रकरणं वगळू नका, पुस्तकाचा जीव तिथं आहे.

या दोन पुस्तकांनंतर मागे जायला टी. सी. स्माउटचं ‘अ हिस्टरी ऑफ द स्कॉटिश पीपल, 1560–1830’ घ्या. 1969 चं आहे, अजून जुनं झालेलं नाही. राजेराण्या कमी, लोक काय खायचे, खेड्यातली शाळा कोणाच्या पैशावर चालायची, चर्चची पंचायत कोणाला काय शिक्षा करायची हे जास्त. सगळ्यांसमोर स्टुलावर बसवून पापाची कबुली द्यायला लावण्याची प्रथा स्माउटमध्ये वाचा आणि मग रॉबर्ट बर्न्सकडे वळा. 1786 च्या ज्या उन्हाळ्यात बर्न्सला मॉकलिनच्या चर्चमध्ये जाहीर कबुली द्यावी लागली, त्याच उन्हाळ्यात किल्मार्नकला त्याच्या पहिल्या कवितासंग्रहाच्या 612 प्रती छापल्या गेल्या. ढोंगी धर्ममार्तंडांवरच्या त्याच्या कवितांची धार कुठून आली ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता काही ठिकाणी वाचक हमखास घसरतो, ती सांगतो.

पहिली तारखांची. स्कॉटलंडने 1600 पासून वर्षाची सुरुवात 1 जानेवारीला धरली. इंग्लंड मात्र 1752 पर्यंत 25 मार्चला नवं वर्ष धरत होतं. ग्लेनकोची कत्तल 13 फेब्रुवारी 1692 ची, पण त्या काळच्या इंग्रजी कागदांत तीच 1691 ची दिसते. दोन पुस्तकांत जानेवारी ते मार्चमधल्या घटनेचं साल एका वर्षाने वेगळं दिसलं, तर छपाईची चूक समजण्याआधी लेखकाने कुठले कागद वापरलेत ते बघा.

दुसरी पैशांची. स्कॉटिश पाउंड आणि इंग्लिश पाउंड वेगळे. 1603 ला दोन्ही मुकुट एका डोक्यावर आले तेव्हा बारा स्कॉटिश पाउंडांना एक इंग्लिश पाउंड मिळायचा. जुन्या खंडाच्या नोंदीत ‘मर्क’ दिसला तर तो स्कॉटिश पाउंडाचा दोन तृतीयांश. एखाद्या शेतकऱ्याचा खंड 120 पाउंड वाचून तो गबर होता असं ठरवू नका, आधी बाराने भागा. उलट पनामाच्या फसलेल्या डॅरियन वसाहतीसाठी स्कॉटलंडात जे 4,00,000 पाउंड भांडवल नोंदवलं गेलं ते इंग्लिश चलनातलं होतं. 1707 च्या इंग्लंड-स्कॉटलंड विलीनीकरणात ‘इक्विव्हॅलंट’, म्हणजे भरपाई, म्हणून इंग्लंडने मोजलेली 3,98,085 पाउंडांची रक्कमही तशीच. एवढ्या लहान देशाला डॅरियनचा घाव केवढा बसला असेल ते या हिशेबाशिवाय कळत नाही.

तिसरी राजांच्या नावांची. जेम्स सहावा आणि जेम्स पहिला हा एकच माणूस आहे. स्कॉटलंडात सहावा, इंग्लंडात पहिला. जेम्स सातवा आणि दुसराही तसाच. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एक ओळ लिहून ठेवली की भागतं.

कादंबऱ्यांपैकी वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’, 1814 ची, सगळे सुचवतात. मी पहिल्या फेरीत तिचं नाव घेत नाही. सुरुवातीची प्रकरणं नायकाच्या लहानपणात आणि वाचनात रेंगाळतात. त्याऐवजी स्टीव्हन्सनची ‘किडनॅप्ड’, 1886 ची, घ्या. तिच्या मध्यावर एक खरा खून आहे: कॉलिन कॅम्बेल या सरकारी कारभाऱ्याला 14 मे 1752 ला ॲपिनच्या जंगलात गोळी घातली गेली. स्टीव्हन्सनने कथेसाठी साल 1751 केलं. ही कादंबरी नकाशासोबत वाचण्यातच खरी मजा आहे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या संकेतस्थळावर विल्यम रॉयची लष्करी मोजणी, 1747 ते 1755 ची, फुकट बघता येते. एका इंचाला हजार यार्ड, म्हणजे साधारण 1:36,000. ती आजच्या नकाशावर चढवण्याची सोय आहे, वरचा थर हळूहळू पुसट करता येतो. बेटांची मोजणी रॉयच्या लोकांनी केली नाही, म्हणून मलच्या किनाऱ्यावरचं जहाज फुटण्याचं प्रकरण त्यात शोधत बसू नका. ॲपिनपासून पुढे रॅनकच्या दलदलीपर्यंतच्या पळापळीचा माग मात्र जवळजवळ पावलापावलाने काढता येतो. गावांची नावं सैनिकांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलीत. नावाने शोध लागला नाही तर नदीच्या वळणावरून शोधा.

शेतीवरची कादंबरी हवी असेल तर लुइस ग्रॅसिक गिबनची ‘सनसेट साँग’, 1932 ची. तिचे भागच नांगरणी, सऱ्या पाडणं, पेरणी आणि कापणी असे पाडलेले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात आडोशाची झाडं तोडली जातात आणि नंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर वारा कसा बसतो, हे ज्याने धुऱ्यावरची झाडं जाताना पाहिली त्याला आत कुठेतरी लागेल. स्कॉट्स शब्दांनी पहिली वीस-तीस पानं अडखळायला होतं. प्रत्येक शब्द काढत बसू नका. जो तिसऱ्यांदा आला तोच स्कॉट्स भाषेच्या फुकट ऑनलाइन शब्दकोशात बघा.

आता चर्चबद्दल, कारण सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज त्याशिवाय कळत नाही. स्कॉटलंडात गावच्या चर्चचा पाद्री नेमण्याचा अधिकार 1712 च्या कायद्याने जमीनदाराकडे गेला होता. पुन्हा जमीनच. याच्या निषेधात 18 मे 1843 ला एडिंबरोत थॉमस चामर्स या पुढाऱ्यासोबत पाद्री चर्चच्या महासभेतून उठून गेले. एकूण पाद्र्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी घर, पगार, चर्चची इमारत सगळं सोडलं आणि फ्री चर्च उभं राहिलं. त्या फ्री चर्चने पाठवलेला स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आला. डन्स गावचा, जन्म 1817 चा. धर्मप्रचारक आणि तितकाच कसलेला भूगर्भशास्त्रज्ञ. रॉबर्ट हंटरसोबत नागपूर परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्याने लिहिलेला निबंध 1855 चा आहे. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना ओढ्याच्या पुरात तो वाहून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये निघालं.

धर्म आणि दगड यांचा हा मेळ विचित्र वाटत असेल तर ह्यू मिलरचं ‘माय स्कूल्स अँड स्कूलमास्टर्स’ वाचा, 1854 चं. क्रोमार्टीचा गवंडी, जीवाश्म गोळा करणारा आणि फ्री चर्चच्या बाजूने लढणाऱ्या वर्तमानपत्राचा संपादक. हिस्लॉप कुठल्या हवेत वाढला ते मिलरमध्ये दिसतं. मग हिस्लॉपचे स्वतःचे कागद, मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचे, प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलने 1866 मध्ये संपादित केलेले. त्यात लिंगोचं गोंडी गीत रोमन लिपीत, अर्थासह आहे. गीताची प्रत्यक्ष ओळ, खालचा अर्थ आणि टेंपलची टीप हे तिन्ही वेगळ्या रंगांच्या पेन्सिलीने खुणा करत वाचा, नाहीतर संपादकाचं मत गोंडांच्या तोंडी जातं.

लोककथांसाठी जॉन फ्रान्सिस कॅम्बेलचे ‘पॉप्युलर टेल्स ऑफ द वेस्ट हायलँड्स’चे चार खंड, 1860 ते 62 चे. कथा कोणी सांगितली, कुठे सांगितली हे तो नोंदवतो, म्हणून त्याच्यावर विसंबता येतं. क्लॅनच्या टार्टनची, म्हणजे चौकड्यांच्या लोकरी कापडाची, रंगीत पुस्तकं मात्र इतिहास म्हणून विकत घेऊ नका. 1746 ची पोशाखबंदी 1782 मध्ये उठली, 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा स्कॉटने सगळा सोहळा टार्टनमय केला आणि 1842 मध्ये दोन भावांनी जुनं हस्तलिखित म्हणून बनावट पुस्तकच छापलं. एकेका आडनावाला चौकड्यांचा एकेक नमुना ही व्यवस्था बहुतांशी त्या काळातली आहे.

मराठ्यांच्या बखरी चाळलेल्यांनी डिव्हाइनचं ‘स्कॉटलंड्स एम्पायर’, 2003 चं, शेवटी घ्यावं. ग्रँट डफ बॅन्फचा, जॉन माल्कम लँगहोमजवळचा, आणि 1804 ते 1808 नागपूरच्या भोसल्यांकडे रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन डंबार्टनचा. थोरल्या भावाला जमीन गेली की धाकट्यांनी कंपनीची नोकरी धरायची, ही वाट त्यात नीट उलगडते. त्यानंतर ग्रँट डफचे 1826 चे तीन खंड पुन्हा उघडा. जहागिरी आणि वतनांबद्दल लिहिताना तो कुठल्या मुलखाचे शब्द मनात धरून बसला आहे हे शोधण्यासारखं आहे.

पैसे खर्च करायचे ते प्रेबल, डिव्हाइन आणि स्माउटवर. पहिली दोन पेपरबॅकमध्ये मिळतात. स्माउट जुन्या पुस्तकांत शोधावं लागेल, घेताना मागची सूची शाबूत आहे का ते बघा. बर्न्स, स्कॉट, स्टीव्हन्सन, मिलर, कॅम्बेल, हिस्लॉप हे सगळे इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. तिथं एकाच पुस्तकाच्या दोन-तीन स्कॅन असतात. उतरवून घेण्याआधी घडीचे नकाशे उघडून स्कॅन केलेत की मिटलेलेच, ते तपासा. आणि आपोआप काढलेला मजकूर न घेता पानांच्या प्रतिमांची फाइल घ्या, कारण जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्र ‘एफ’ म्हणून वाचतं आणि गेलिक, म्हणजे हायलँड्सच्या जुन्या भाषेतल्या, नावांचा तर पार चुराडा करतं.