३८१६५४७२९

नववीत होतो आम्ही, जुलै महिना, पाऊस असा की सकाळची एसटीच आली नाही, त्यामुळे खाडीपलीकडची पोरं गैरहजर आणि वर्गात आम्ही अकरा जण. सर म्हणाले आज धडा नको, आणि फळ्यावर नऊ चौकोन काढले. १ ते ९ हे आकडे एकेकदाच भरायचे, पण असे की डावीकडच्या दोन आकड्यांच्या संख्येला २ ने भाग गेला पाहिजे, तीन आकड्यांच्या संख्येला ३ ने, चारला ४ ने, असं करत अख्ख्या संख्येला ९ ने. उत्तर एकच आहे एवढं सांगितलं आणि घंटा झाली.

रात्री लाईट नव्हती. कंदील घेऊन बसलो, कागद म्हणजे बाबांच्या आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबाची वही, तिची मागची पानं. आकडे मांडायच्या एकूण रीती ३,६२,८८०, सगळ्या तपासत बसलो असतो तर गणपती आले असते. पण पाचवा आकडा ५ च, कारण शून्य वापरायचं नाही. दुसरा, चौथा, सहावा, आठवा सम, म्हणजे उरलेल्या जागी विषम. मग ४ आणि ८ च्या कसोटीवरून चौथा आणि आठवा फक्त २ किंवा ६. आणि ३ ने भाग जायचा म्हणून मधले तीन आकडे २५८ नाहीतर ६५४, तिसरं काही बसतच नाही! तो क्षण मला अजून आठवतो, एवढा मोठा ढीग होता आणि हातात दहाच संख्या उरल्या. ९ ची काळजीच नको, १ ते ९ ची बेरीज ४५, आकडे कसेही लावा भाग जाणारच.

राहिला ७. त्याला सोपी कसोटी नाही, भागाकारच करायचा. नऊ संख्या तिथेच गळाल्या, आणि एकीत ३८१६५४७ ला ७ ने भागलं तर ५४५२२१, बाकी शून्य.

दुसऱ्या दिवशी सरांनी दारातच विचारलं, "काय रे, जमला काय?" मी वही पुढे केली. त्यांनी सगळ्या वर्गाकडून एकेक भागाकार करून घेतला, मग शेवटी एक शून्य लावून म्हणाले, आता १० नेही जातो बघा. त्याच तासाला त्यांनी कापरेकरांचं ६१७४ शिकवलं, म्हणजे चार आकडे (सगळे सारखे नकोत) उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारी संख्या. डहाणूला जन्मलेला आणि देवळालीला शाळेत शिकवणारा माणूस, हे सांगताना सरांचा आवाज वेगळाच झाला होता.

पुढे नोकरीत असताना कळलं की आकडे पुन्हा वापरायची आणि शून्याचीही मुभा दिली तर ही साखळी २५ आकड्यांपर्यंत जाते, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५, आणि २६ वा आकडा कुठलाच लागत नाही. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा कागदावर लिहून सरांकडे नेली. चहा तसाच ठेवून त्यांनी पेन्सिल मागितली आणि पहिले सात आकडे तोडून आधी ७ नेच भागायला घेतलं.