ताजमहालाचा शुक्रवार

मार्च उजाडला की नागपुरात दोन कामं एकदम निघतात. कूलरची खस बदलायची आणि उन्हाळ्यात कुठे जायचं ते ठरवायचं. खसेचं एका दुपारी उरकतं. दुसऱ्या कामात घरातले सगळे बोलतात आणि सगळे एकाच प्रश्नावर बोलतात: कुठे? आग्रा की अजिंठा, आणि यंदा मोठी उडी घ्यायचीच असेल तर नायगारा की पेरू? कधी, हे कोणी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर शाळेने आधीच देऊन ठेवलेलं असतं: परीक्षा संपल्यापासून जूनच्या अखेरपर्यंत. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा पंधरवडाभर उशिरा उघडतात, तेवढीच काय ती चैन.

पण आश्चर्यांचंही स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते मुख्याध्यापकांना विचारून केलेलं नसतं. कोणाला आठवड्याची सुटी असते, कोणाला विशिष्ट ऋतू लागतो, कोणाला काळाकुट्ट अंधार लागतो. एकाची वेळ तर दोन देशांनी करार करून ठरवली आहे.

ताजपासून सुरुवात करू, तो आपल्या रुळावर आहे. दिल्लीच्या गाडीने सुमारे नऊशे किलोमीटरवर आग्रा कॅन्ट. संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी उतरायचं. गोम इथेच आहे. गुरुवारी अर्धी रजा टाकून निघालेली मंडळी शुक्रवारी आग्र्यात पोचतात, आणि शुक्रवारी ताज पर्यटकांना बंद. तसं झालंच तर त्या दिवशी आग्र्याचा किल्ला बघावा आणि उन्हं कलल्यावर यमुनेपलीकडची मेहताब बाग गाठावी. तिथून नदीच्या अंगाने ताज दिसतो, आणि मधे गर्दी नसते. शनिवारी मात्र पहाटे उठायचं. दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. भारतीयांना तिकीट पन्नास रुपये, मुख्य घुमटाखाली जायचं तर आणखी दोनशे, आणि तिकीट चालतं तीन तास. झडती कडक असते. तंबाखू, काडीपेटी, खाण्याचे डबे काही आत जात नाही. खर्ऱ्याची पन्नी हॉटेलातच ठेवलेली बरी, गेटवर गेलेली पन्नी परत मिळत नाही बाप्पा!

आत गेल्यावर सगळे आधी बाकावर बसून फोटो काढतात. त्यापेक्षा भिंतीच्या जवळ जावं. संगमरवरात कोरून बसवलेल्या फुलांमध्ये अकीक हा लालसर दगड असतो. गाईड मोबाइलचा टॉर्च त्या पाकळीला टेकवतो आणि पाकळी आतून निखाऱ्यासारखी पेटते. शेजारचं हिरवं पान ढिम्म, कारण तो दगड उजेड आत घेत नाही. एक-एक फूल कितीतरी लहान तुकडे जोडून केलेलं आहे. त्या सांध्यांवरून नख फिरवलं तर अडकत नाही. दुपारी बाराच्या उन्हात यातलं काही कळत नाही. सगळा संगमरवर नुसता डोळ्यांवर येतो.

रात्रीचा ताजही बघता येतो, पण महिन्यातल्या पाचच रात्री: पौर्णिमा, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन. त्यातही शुक्रवार आणि रमजान वगळून. पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या, प्रत्येकीला अर्धा तास, आणि तोही दुरून, दरवाज्याजवळच्या लाल दगडाच्या चौथऱ्यावरून. कोजागरीला अर्थातच झुंबड. जवळून बघायचं असेल तर पहाटच खरी.

अजिंठा-वेरूळचा घोळ याहून गमतीचा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. लोक नेमके शनिवार-रविवारला जोडून सोमवार-मंगळवारची रजा काढतात. आता नागपूरहून रेल्वेने जळगाव सोयीचं. तिथून अजिंठा साठेक किलोमीटर, पुढे संभाजीनगर शंभर आणि वेरूळ तिथून तीस. म्हणजे वाटेत आधी अजिंठा येतो. पहिला दिवस सोमवार असला तर अजिंठा बंद. उलटा फेरा मारून सोमवारी वेरूळ करावं आणि मंगळवारी अजिंठ्याला परतावं, एवढं साधं आहे. रविवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असं ठरवणाऱ्यांना मात्र कोणी वाचवू शकत नाही.

अजिंठ्यात घाई हा सगळ्यात मोठा घातक प्रकार. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून बसने चार किलोमीटर, मग पायऱ्या, मग रणरणतं ऊन, आणि त्या उन्हातून थेट पहिल्या लेण्यात. डोळ्यांपुढे अंधार. दोन मिनिटं इकडेतिकडे बघून ‘रंग उडालेत सगळे’ म्हणत लोक बाहेर पडतात. रंग तसे बरेच शाबूत आहेत, डोळ्यांना अंधाराचा सराव व्हायला वेळ हवा असतो. आठ-दहा मिनिटं नुसतं उभं राहावं, मोबाइल खिशात ठेवावा, कारण एकदा पडद्याकडे पाहिलं की सराव पुन्हा पहिल्यापासून. मग हळूहळू बोधिसत्त्व पद्मपाणीच्या झुकलेल्या भुवया दिसतात, मुकुटावरची नक्षी दिसते. फ्लॅशला बंदी आहे आणि ती पाळायलाच हवी. ही चित्रं भुसा-माती कालवून केलेल्या गिलाव्यावर, वरून चुन्याचा पातळ हात देऊन, तो कोरडा झाल्यावर काढलेली आहेत. ओल्या चुन्यात रंग मुरलेला नाही, म्हणून तो पापुद्र्याने सुटतो, आणि माणसांच्या श्वासाची वाफसुद्धा त्याला सोसत नाही. वेळ कमी असेल तर पहिलं, दुसरं, सोळावं आणि सतरावं. बाकीची पुढच्या खेपेला.

धबधब्यांच्या बाबतीत तर कॅलेंडर न बघता पाऊल उचलू नये. आपल्या टप्प्यातले दोन घ्या. एक भेडाघाटचा धुआँधार, सिवनीवरून जबलपूरच्या रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दुसरा बस्तरातला चित्रकोट, जगदलपूरपासून चाळीसेक. दोन्ही साधारण तीस मीटर उंचीचे, आणि दोन्ही भर पावसात बघावेत असं कोणालाही वाटेल. चित्रकोटचं तसं आहेच. जुलै ते ऑक्टोबर इंद्रावती अख्ख्या कड्यावरून तीनशे मीटर रुंदीने गढूळ पाणी ओतते, आणि मे महिन्यात त्याच कड्यावरून चार-दोन धारा. धुआँधारचं नेमकं उलट. पुढची संगमरवरी घळ अरुंद. नर्मदेला पूर आला की पाणी तिथे तुंबतं, धबधब्याखालची पातळी चढत चढत कड्याला येऊन भिडते आणि धबधबाच बुडून जातो. पावसाळ्यात घळीतल्या नावाही बंद. ऑगस्टच्या जोडून सुट्यांना भेडाघाटला गेलेल्यांना दिसतं ते फक्त नुसतं वाहतं पाणी.

आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरच्या व्हिक्टोरिया धबधब्यातही हाच चकवा आहे, फक्त माप मोठं. रुंदी एक हजार सातशे मीटर, उंची एकशे आठ. वरच्या खोऱ्यात नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो, पण ते पाणी वाटेतल्या सपाट पूरमैदानांत पसरून रेंगाळत येतं, म्हणून सर्वांत मोठा लोंढा एप्रिलच्या सुमारास. तेव्हा समोर उभं राहिलं की तुषारांचा पांढरा पडदा आणि कानठळ्या. धबधबा ऐकू येतो, दिसत नाही. छत्री निरुपयोगी, कारण पाणी खालून वर येतं. अंगभर रेनकोट, पायांत पट्ट्याची सँडल आणि मोबाइलला झिपची पिशवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच्या उलट गत होते. झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता काळा कडा उरतो, पाणी राहतं ते मुख्यतः झिंबाब्वेच्या बाजूने. आपल्या उन्हाळी सुट्टीत बसवायचा तर जूनचा दुसरा पंधरवडा चांगला, पडदा विरळ व्हायला लागलेला असतो. मेमध्येच जाणं भाग असेल तर बुद्ध पौर्णिमा साधावी. आपल्याकडे त्या रात्री हौशी मंडळी वन्यप्राणी मोजायला जंगलात मचाणावर बसतात. तिकडे पौर्णिमेच्या रात्री उद्यान उघडं ठेवतात, कारण भरपूर तुषार आणि भरपूर चांदणं असलं की चंद्राचं इंद्रधनुष्य पडतं. डोळ्यांना ते पांढुरकंच दिसतं, रंग कॅमेऱ्यात उतरतात.

कराराने बांधलेला धबधबा म्हणजे नायगारा. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० साली ठरवलं, की पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला निदान एक लाख घनफूट पाणी कड्यावरून सोडायचं, आणि रात्री व हिवाळ्यात त्याच्या निम्मं. बाकीचं वीज करायला. म्हणजे तिथला धबधबाही आपल्या नळासारखाच वेळेवर सुटतो आणि वेळेवर बारीक होतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ही वेळ सकाळी आठ ते रात्री दहा. रात्रीच्या रंगीत दिव्यांसाठी थांबणाऱ्यांनी दहाच्या आत आटपावं. आणि पहाटे उठून जाण्याचं आग्र्यातलं शहाणपण इथे चालवू नये, आठच्या आधी पाणी कमीच.

आता उन्हाबद्दल. नागपूरकराला वाटतं, आपण पंचेचाळीस अंशांत बर्डीवर खरेदी करतो, आपल्याला कोणतं ऊन लागणार? अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत हीच घमेंड महागात पडते. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून एकवीसशे मीटरवर, जूनमध्येही हवा सुखद. खाली कोलोरॅडो नदीपाशी उंची साडेसातशेच्या आत, आणि तिथे चाळीस अंश सहज. डोंगरात आधी चढ असतो, दमलं की माणूस परततो. दरीत आधी उतार, पाय आपोआप खाली नेतात, आणि दमल्यावर चढ सुरू होतो. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ वर यायला धरावा, बाटलीतलं एक-तृतीयांश पाणी संपलं की मागे फिरावं, आणि सकाळी दहा ते दुपारी चार उन्हातल्या पायवाटेवर असू नये. आणखी एक. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, जागच्या जागी उडून जातो, त्यामुळे मीठ किती गेलं ते कळत नाही. लोक बाटल्यामागून बाटल्या नुसतं पाणी पितात आणि रक्तातलं मीठ इतकं पातळ होतं की मळमळ, गरगर, प्रसंगी बेशुद्धी. पन्ह्यात मीठ घालणाऱ्या गावाला हे वेगळं समजवायला नको. ओआरएसची पाकिटं आणि खारे दाणे सोबत असावेत.

तिथेच टूरवाल्यांची एक हातचलाखीही चालते. लास व्हेगासहून एका दिवसात ‘ग्रँड कॅन्यन’ म्हणून नेतात तो बहुधा पश्चिम काठ असतो, काचेचा स्कायवॉक असलेला. तो हुआलापाई या तिथल्या आदिवासी लोकांच्या ताब्यातला प्रदेश, राष्ट्रीय उद्यान नव्हे. बघण्यासारखा आहे, पण छायाचित्रांतून मनात बसलेली ती अफाट, थरांची दरी दक्षिण काठावर आहे, व्हेगासपासून साडेचारशे किलोमीटर. स्कायवॉकवर बरीच वर्षं मोबाइल नेऊ देत नसत, त्यामुळे फोटोही तेच काढून विकत. पैसे भरण्याआधी कोणता काठ, एवढंच विचारावं.

जूनमध्ये पेरूत कोरडा हंगाम असतो, म्हणून माचू पिचूला आपली सुट्टी अचूक बसते. तिकीट तासाचं, मार्ग ठरलेला, नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आत स्वच्छतागृह नाही. डोकं दुखतं ते माचू पिचूला नाही, आधीच्या कुस्को शहरात. कुस्को चौतीसशे मीटरवर, माचू पिचू त्यापेक्षा जवळजवळ हजार मीटरने खाली. विमानातून उतरल्यावर कुस्कोत न थांबता सरळ ओयान्तायताम्बो गावाकडे उतरावं आणि कुस्को परतीच्या वाटेवर बघावं. पेरूहून येणाऱ्याला भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला दाखवावा लागतो. लस ठराविक केंद्रांतच मिळते, निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची. नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण, मग रजा कशी वाढवायची ते आपलं आपण बघावं.

उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत बसतच नाही. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही; प्रकाश आकाशात असला तरी दिसणार कशावर? त्यासाठी दिवाळीची सुट्टी ठेवावी. तेव्हा तिकडे रात्र लांब झालेली असते, दिवसाही थोडं ऊन असतं, थंडी जानेवारीइतकी जीवघेणी नसते. आणि लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येतं, त्यामुळे चांदण्याची लुडबुड नाही. कालनिर्णय बघायचीही गरज नाही. शत्रू एकच, ढग. किनाऱ्यावरच्या ट्रोम्सोपेक्षा डोंगरांच्या आड असलेलं स्वीडनचं अबिस्को कोरडं, तरी हाताशी चार रात्री हव्यात. युरोपसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो गणपतीच्या गडबडीत ढकलू नये. डोळ्यांना पहिल्यांदा राखाडी धुरकट पट्टा दिसेल. मोबाइल स्टँडवर लावून पाच ते दहा सेकंदांचं छायाचित्र घेतलं की त्यात हिरवा उमटतो, म्हणजे मग तो ढग नाही. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. जास्तीची बॅटरी बॅगेत ठेवू नये, स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवावी.