दोन लाख चाललेली जिप्सी आणि तिचे आवाज

गाडी २००७ सालची जिप्सी किंग, पेट्रोल, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवालं) इंजिन. घेतली तेव्हा ओडोमीटरवर १ लाख ९३ हजार होते. पण खाली टायर मूळचे २०५/७० आर १५ नव्हते, २३५/७५ चे होते. हा टायर मूळच्यापेक्षा व्यासात जवळपास दहा टक्के मोठा भरतो. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५-६६ ने पळत असते, आणि ओडोमीटरही त्याच हिशेबाने कमी मोजतो. टायर कधी बदलले हे विकणाऱ्यालाही आठवेना. तेव्हा गाडी दोन लाखांच्या पुढे गेलेली आहे असं धरूनच मी भाव केला.

घेण्याचं कारण साधं होतं. आमचं शेत गगनबावड्याच्या बाजूला आहे, पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर रस्ता नावालाच उरतो. नवीन गाडी तिथे घालायची छाती नाही, आणि जिप्सीचं उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबलं असलं तरी पार्ट अजून मिळतात, लष्करात ती एवढी वापरली गेली आहे की जुन्या बाजारातही माल आहे. शिवाय ही गाडी उघडी आहे. दोन्ही बाजूंना अखंड अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाटे, गिअर बॉक्सपासून सुटी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), मध्ये एक आखूड शाफ्ट, आणि तिथून पुढे-मागे जोर नेणारा एकेक प्रोपेलर शाफ्ट. खाली आडवं पडलं की सगळं डोळ्यांसमोर.

तक्रारी मात्र भरपूर होत्या. काट्यावर पन्नासच्या पुढे बुडाखाली झणझण. साठच्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही हातांत थडथड नाचायचं. क्लच सोडला की खालून ‘टक्क’. छोटा गिअर (ट्रान्सफर केसचा दांडा) फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ, असा टाकून चढ चढताना मध्येच सुटायचा. मागच्या उजव्या चाकाला आतून तेल. आणि सत्तरला एक बारीक, सुईसारखा आवाज. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तर फिटरने एक चक्कर मारली, चहा प्यायला आणि सांगितलं, गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर दोन्ही उतरवून ओव्हरहॉल करावं लागेल, ४५ हजार धरा. शक्य होतं तसं असणं. पण सगळ्या तक्रारींचं मूळ एकाच पेटीत आहे हे त्याने एका चकरेत कसं ओळखलं, ते मला पटलं नाही. मी गाडी परत आणली.

मग ओळखीतून शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी आवाजांच्या नकला करून दाखवायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. “सायेब, आवाज कसला येतोय ते ऱ्हाऊ दे. कवा येतोय आन् कवा जातोय ते लिवून आणा.” गाडीला पान्हासुद्धा न लावता त्यांनी मला परत पाठवलं.

या गाडीच्या बाबतीत मला जे काही कळलं ते या एका सूचनेतून. आवाज कुठून येतोय हे कान नीट सांगत नाही. चॅसीवरून तो कुठल्या कुठे पोचतो, मागच्या डिफरन्शियलचा (चाकांच्या मधल्या गिअरपेटीचा) आवाज ड्रायव्हरच्या मांडीखाली ऐकू येतो. पण आवाज कशाबरोबर बदलतो हे मात्र तपासता येतं. कागलकडे जाणाऱ्या हायवेवर पहाटे रहदारी कमी असते, तिथे मी भावाला शेजारी वही घेऊन बसवला.

झणझणाट सुरू झाला की त्याच वेगाला चौथ्यातून पाचव्यात टाकायचं. इंजिनाचे फेरे उतरतात, गाडीचा वेग तोच राहतो. झणझण तशीच राहिली, म्हणजे इंजिन आणि क्लच प्लेट बाजूला. मग क्लच दाबून न्यूट्रलला टाकून गाडी नुसती सोडायची, इंजिन चालूच ठेवून, कारण बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर जातो. थोडी कमी झाली, पण गेली नाही. पुढे रस्ता मोकळा पाहून गाडी हलक्या हाताने डावी-उजवी झुलवायची. व्हील बेअरिंगचा घरघराट असेल तर वळताना ज्या बाजूच्या चाकावर भार येतो तिथला आवाज वाढतो. काही फरक पडला नाही. राहता राहिलं चाकांपासून ट्रान्सफर केसपर्यंतचं फिरणारं सामान.

यात एक ताळा फार उपयोगी पडला. काट्यावर साठच्या आसपास चाक सेकंदाला साधारण आठ फेरे मारतं आणि प्रोपेलर त्याच्या चौपट. चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असेल तर थरथर संथ असते, जवळजवळ मोजता येईल अशी, आणि ती स्टिअरिंगमध्ये किंवा सीटच्या पाठीत येते. प्रोपेलरची थरथर बारीक असते, पायाच्या तळव्याला गुदगुल्या होतात आणि मागचा आरसा धूसर दिसायला लागतो. माझ्याकडे दोन्ही होत्या. म्हणजे एक रोग नव्हता, दोन होते.

वही घेऊन मामांकडे गेलो, तेव्हा त्यांनी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. पार्ट-टाइम फोर बाय फोरचा (पुढची चाकं हवी तेव्हाच जोडायची) मोठा फायदा हा की अर्धी गाडी काढून ठेवली तरी ती चालते. पुढचा प्रोपेलर सोडला, दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट, आणि पुन्हा हायवेला चक्कर मारली. झणझण तशीच. मग पुढचा परत बसवला, मागचा सोडला, छोटा गिअर फोर-हायमध्ये टाकून नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी पळवली. झणझण गायब. जिप्सीला दोन्ही टोकांना फ्लँज असल्यामुळे शाफ्ट काढला तरी तेल गळत नाही. सगळ्या गाड्यांना हे जमत नाही, तेव्हा आधी खाली बघून घ्या. आणि शाफ्ट काढलेली गाडी गिअरमध्ये टाकून उभी करण्याच्या भरवशावर राहू नका, चाकाला दगड हवाच.

मागचा प्रोपेलर बाकड्यावर आडवा ठेवला आणि मामा नुसते त्याच्याकडे बघत राहिले. क्रॉस (दोन्ही टोकांचे सांधे) हाताला घट्ट लागत होते, प्ले नव्हता. शाफ्ट वाकलेला नव्हता. मग त्यांनी कापडाने मधली सरकणारी जोडणी पुसली, खडूने दोन्ही टोकांच्या कानांवर (क्रॉस धरणाऱ्या फाट्यांवर) एकेक रेघ ओढली आणि मला शाफ्टच्या टोकाशी बसून एका डोळ्याने बघायला सांगितलं. एका टोकाचे कान उभे होते, दुसऱ्या टोकाचे तिरके. कुणीतरी आधी शाफ्ट सोडवून परत घालताना स्प्लाइनचे दात चुकवून घातले होते. मूळच्या खुणा रंगाच्या थराखाली गेल्या होत्या.

यात बिघडतं काय? क्रॉस जॉइंट कोनात फिरतो तेव्हा त्याने फिरवलेला शाफ्ट एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा किंचित वेग घेतो आणि दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून मिटवतो. पण त्याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. पहिली अट मोडलेलीच होती. शाफ्ट ओढून, दात जुळवून परत घातला. झणझण निम्म्याहून अधिक गेली.

उरलेली दुसऱ्या अटीमुळे होती. आधीच्या मालकाने मोठे टायर बसवण्यासाठी पाट्यांना लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या पट्ट्या) घातले होते. मागे लांब शॅकल घातला की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल गोल फिरतो आणि पिनियनचं, म्हणजे प्रोपेलर डिफरन्शियलला जोडतो त्या गिअरचं, तोंड वर होतं. वरचा कोन एक, खालचा दुसरा. पुढे तेच शॅकल वेगळा त्रास देतात: कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो, मग गाडी सरळ रेषेत स्वतःहून राहत नाही. गाडी दिसायला रुबाबदार दिसते हे खरं, पण मी चारही शॅकल काढून मूळ मापाचे घातले, टायरही नंतर २०५ चेच घेतले. ओळखीच्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली. मुरडोत.

स्टिअरिंगच्या नाचाला मात्र एवढ्यावर उतार पडला नाही. कुणीही पहिला सल्ला देतो तो नवा स्टिअरिंग डॅम्पर टाकायचा. त्याने नाच दबतो, कारण तसंच राहतं. पुढची चाकं उचलून वरून-खालून धरून हलवली तर डाव्या बाजूला खुटखुट. व्हील बेअरिंग की किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खुंटा), हे कळायला सोपा उपाय आहे: दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक दाबला की डिस्क आणि हब नकलला (चाक धरणाऱ्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाला) जखडतात, मग बेअरिंगचा प्ले लपतो. तरीही खुटखुट राहिली, तर ती किंगपिनची. आमची राहिली. नकल उघडला तर किंगपिनच्या खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरचे खळगे पडलेले. त्यामुळे चाक सरळ असताना रोलर बरोबर त्या खळग्यांत बसायचे आणि किंगपिन सैल राहायचा. दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली, टायरॉड सोडून वजनाच्या स्प्रिंग काट्याने नकल ओढून बघत शिम (पातळ चकत्या) कमी करत घट्टपणा आणला. त्यानंतर नाच नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट सापडली. नकलमध्ये ग्रीस असायला हवं, तिथे काळपट पातळ रबडी होती आणि तिला गिअर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास. म्हणजे डिफरन्शियलमधलं तेल आतल्या सीलमधून नकलमध्ये येत होतं. मागच्या ब्रेकच्या ड्रममध्येही तेच तेल. सील बदलायचे, एवढंच मला सुचलं असतं. मामांनी आधी दोन्ही अ‍ॅक्सलवरचे ब्रीदर (हवा बाहेर सोडणाऱ्या तोट्या) काढून तोंडाने फुंकून पाहिले. मातीने पार बुजलेले. चालून चालून अ‍ॅक्सल तापतो, आतली हवा फुगते, तिला वरून वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर तसाच ठेवून नवा सील घातला असता तर तोही थोड्याच दिवसांत गळला असता. पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी तर याकडे बघायलाच हवं. गरम अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की उलटं होतं, आत ओढ बसते आणि सीलवाटे पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसलं तर समजायचं. आता ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर इंजिनाच्या बाजूला नेली आहे.

‘टक्क’ आणि फोर-लो सुटणं, या दोन तक्रारींसाठी तर ट्रान्सफर केस उघडायचं ठरलेलंच होतं. त्याआधी मामांनी मला गाडीत बसवलं, हँडब्रेक, पायाचा ब्रेक, पहिला गिअर, क्लच अगदी चिमूटभर सोड. मग रिव्हर्स. ते खाली बॅटरी घेऊन बघत होते. “आता तुमी बघा,” म्हणून त्यांनी जागा बदलली. ट्रान्सफर केस तीन रबरी माउंटिंगवर लटकलेली असते. त्यातल्या एकाचं रबर लोखंडापासून साफ सुटलेलं होतं. जोर आला की आख्खी पेटी बोटभर उसळायची, तिच्यावरचा दांडा गाडीच्या तळाच्या पत्र्याला टेकायचा आणि गिअर बाहेर ढकलला जायचा. तिन्ही माउंटिंग मिळून काही शे रुपयांचं काम. मधल्या आखूड शाफ्टच्या एका क्रॉसच्या कपाभोवती गंजाची लाल भुकटी दिसली, तोही बदलला. अशी भुकटी दिसली की आतलं ग्रीस संपलेलं आहे, मग हाताला प्ले लागो न लागो. टक्क पूर्ण गेलं नाही, दोन लाखांच्या गाडीत स्प्लाइन, क्राउन आणि अ‍ॅक्सलचा थोडा थोडा प्ले साठून काहीतरी राहणारच. पण फोर-लो परत सुटलेला नाही.

इंजिनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कंप्रेशन चारही सिलिंडरला १६० ते १७० पीएसआयच्या दरम्यान आलं, सारखं आलं हे महत्त्वाचं. पावसाळी सकाळी मिसिंग मारायचं, ते अंधारात बॉनेट उघडून प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारल्यावर दिसलं: निळ्या ठिणग्या वायरीबाहेर नाचत होत्या. वायरी बदलल्या. टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नव्हता, म्हणून तो न तपासताच बदलला.

एक गोष्ट जाता जाता. बाहेर एकाने मला सांगितलं होतं की फोर-हायमध्ये वळताना गाडी अडकते, म्हणजे पुढचा डिफरन्शियल गेलाय. जिप्सीला मधला डिफरन्शियल नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या डांबरावर टायर घसरायला जागा नसते, मग सगळं पिळवटतं. हा बिघाड नाही. चिखलात टाकून बघा, मोकळी वळते.

राहिला सत्तरचा सुईसारखा आवाज. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक, सोडला की जाड, आणि मागचा प्रोपेलर काढल्यावर नाहीसा. म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधली क्राउन-पिनियन ही गिअरची जोडी. तेल सोडलं तेव्हा तेल सोडायच्या बोल्टला बारीक राखाडी लेप होता, तुकडे नव्हते. मामांचं मत, उघडू नये; झिजलेले दात एकमेकांना सरावलेले आहेत, शिम बदलून नव्याने जुळवायला गेलं तर आवाज वाढण्याचीच शक्यता जास्त. पिनियनला हाताने वर-खाली प्ले लागत नाही तोवर थांबायचं. मी ८० डब्ल्यू ९० जीएल-५ गिअर ऑइल भरलं आहे, पाऊस संपल्यावर ते सोडून बोल्ट पुन्हा बघणार. तुकडे दिसले तर जुन्या बाजारात आख्खा डिफरन्शियल बघून ठेवलेला आहे, विकणाऱ्याशी भावाचं अजून जमलेलं नाही.