पाच व्होल्ट धरले होते, निघाले ४.७

काम एवढंसंच होतं. पोटेन्शिओमीटरची (व्होल्टेज कमी-जास्त करणारा तीन पायांचा भाग) मूठ फिरवायची आणि स्क्रीनवर आकडा वर-खाली होताना बघायचा. आर्डुइनो उनो बोर्ड (प्रोग्राम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड), ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची भोकांची पाटी) आणि तीन वायरी. अख्खी संध्याकाळ गेली त्यात.

पहिला तास केबलने खाल्ला. बोर्डवरचा दिवा लागायचा, पण कॉम्प्युटरला पोर्टच दिसेना. ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला. शेवटी कळलं की केबल नुसती चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. दुसरी लावल्यावर स्केच (बोर्डसाठीचा प्रोग्राम) लगेच अपलोड झालं.

सिरियल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेलं दाखवणारी कॉम्प्युटरवरची खिडकी) आकडे आले, पण मुठीला हात न लावताही ते ३१०, ३४२, २८७ असे भरकटत होते. मी कोडमध्ये चूक शोधत बसलो. (कोड जेमतेम पाच ओळींचा, तरी तोच पुन्हा पुन्हा वाचला!) मग सहज ए० च्या (बोर्डची व्होल्टेज मोजणारी पिन) वायरीच्या उघड्या टोकाला बोट लागलं आणि आकडे एकदम उसळले. म्हणजे पिन अधांतरीच होती, कशालाच जोडलेली नव्हती. पोटेन्शिओमीटरच्या मधल्या पायाची वायर मी ब्रेडबोर्डवर शेजारच्या ओळीत खोचली होती. एक घर सरकवली आणि मूठ ० ते १०२३ अशी मुकाट फिरू लागली.

चिपमधला कन्व्हर्टर (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग) १० बिटचा, म्हणून १०२४ पायऱ्या. संदर्भ (ज्याच्या तुलनेत तो मोजतो ते व्होल्टेज) ५ व्होल्टचा धरला तर एक पायरी सुमारे ४.८८ मिलिव्होल्टची. म्हणून मिलिव्होल्ट काढायला आकड्याला ५००० ने गुणून १०२४ ने भागलं, तर उत्तर चक्क ऋण! या बोर्डवर इंट (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा प्रकार) १६ बिटचा असतो आणि ३२७६७ च्या पुढे उलटतो. ७ गुणिले ५००० लाच तो फुटतो. ५००० पुढे एल लावून तो लाँग (मोठे पूर्णांक मावणारा प्रकार) केला, मग गाडी रुळावर आली.

खरी मजा पुढे होती. पोटेन्शिओमीटर काढून एक साधा सेल लावला. ऋण टोक ग्राउंडला (बोर्डची शून्य व्होल्टची पिन), धन टोक ए० ला. मल्टिमीटर म्हणत होता १.५६ व्होल्ट, बोर्ड म्हणत होता १.६६. मघापर्यंत सगळं बिनचूक दिसत होतं आणि आता दहा शतांशांचा फरक? मग मल्टिमीटर बोर्डच्याच ५ व्होल्टच्या पिनवर धरला. तिथे ४.७० होते. यूएसबीतूनच कमी येत होते. कन्व्हर्टर मोजतो ते याच व्होल्टेजच्या तुलनेत. पोटेन्शिओमीटरलाही तिथूनच वीज मिळत असल्याने दोन्ही एकत्र खाली आले आणि चूक झाकली गेली. सेलला त्या पिनशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून त्याने ती उघडी पाडली.

स्केचमध्ये ५००० च्या जागी ४७०० टाकले, आता १.५६ येतं. पोर्ट बदललं की मात्र तो आकडा पुन्हा मोजून टाकावा लागतो.