चवदार तळ्याचा निकाल वाचताना

सोमवार, रात्री

महाडचा सत्याग्रह शाळेपासून माहीत आहे. पुस्तकात तो दोन परिच्छेदांत उरकला होता: २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेब पाण्यात उतरले, मागोमाग हजारो माणसं उतरली. त्यानंतर दहा वर्षं कोर्टात काय चाललं होतं, हे मात्र लॉच्या पहिल्या वर्षाला आल्यावर कळतंय. ‘नीती, समाज आणि कायदा’ या आमच्या सेमिनारसाठी मॅडमनी मुंबई हायकोर्टाच्या १९३७ च्या निकालाची झेरॉक्स दिली आहे. वर पक्षकारांची नावं: नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. जे नाव आपण कायम आदराच्या विशेषणांसकट ऐकतो, ते इथे नुसतं आहे, प्रतिवादीच्या जागी.

घटनाक्रम वहीत उतरवून काढला, नाहीतर गोंधळ होतो. १९२३ मध्ये समाजसुधारक सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्याला धरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण गावाच्या धाकाने तळ्यावर कुणी गेलं नाही. म्हणून १९२७ चा मार्च. त्या दिवशी परिषदेसाठी महाडला जमलेल्या लोकांना मारहाण झाली. पुढे १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही वापरून तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्ण गावकरी दिवाणी कोर्टात गेले आणि त्यांनी मनाई हुकूम मिळवला.

१०८ घागरींवर मी आज बराच वेळ अडकले. कुणीतरी त्या मोजल्या असतील. मंत्र म्हटले असतील. गुरं त्याच तळ्यावर पाणी पीत होती, त्यांच्यासाठी कुणी घागर भरली नव्हती.

गुरुवार

आजचा सेमिनार वेळ संपल्यावरही थांबला नाही, शेवटी बाहेर पायऱ्यांवर बसून बोललो. मॅडमनी सुरुवातीलाच प्रश्न टाकला होता: डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मनाई हुकूम पाळला, ते योग्य केलं का?

मला हा भाग माहीतच नव्हता. माणसं लांबलांबून चालत आली होती. तुरुंगात जायची तयारी म्हणून अनेकांनी नावं नोंदवली होती. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं होतं, म्हणजे वातावरण किती तापलं असेल! परिषदेला जागाही एका मुसलमान गृहस्थाने दिली म्हणून मिळाली. कलेक्टर मंडपात येऊन कोर्टाच्या हुकमाविरुद्ध जाऊ नका म्हणून सांगून गेले. आणि एवढं सगळं जमलेलं असताना बाबासाहेबांनी लोकांना समजावलं की निकाल लागेपर्यंत थांबू. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला कुणी हात लावला नाही.

आमच्यात उभी फूट पडली. एकाचं म्हणणं, अन्यायी हुकूम पाळणं म्हणजे अन्यायाला मान देणं. दुसऱ्याचं, ही डावपेचाची बाब होती, सरकारशी आणि सवर्णांशी एकाच वेळी भांडण परवडणारं नव्हतं. लातूरकडची एक मैत्रीण एरवी फारशी बोलत नाही. ती म्हणाली, “माझ्या आजीला विहिरीवर चढू देत नसत. वरून कुणीतरी पोहरा ओतायचं, आजी खाली घागर धरून उभी. कधी ओतायचं, किती ओतायचं, ते वरचा ठरवणार. कोर्टात निदान समोरच्याला कारण द्यावं लागतं.”

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मला तिचं म्हणणं पटलं, आणि ते डावपेचाच्या मुद्द्यापेक्षा खोल आहे असं वाटलं. ज्याने पिढ्यान् पिढ्या कुणाच्या तरी मर्जीवर पाणी घेतलंय, त्याला मर्जीच्या जागी कारण मागता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! बाबासाहेब बॅरिस्टर होते म्हणून कोर्टावर विसंबले, असं मी आजवर सरसकट धरून चालले होते. तसं नसावं. वैद्य मंडळींना एकदा साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात उभं करायचं, ‘तुमचा हक्क कुठून आला ते सांगा’ असं विचारायचं, हेसुद्धा सत्याग्रहाइतकंच महत्त्वाचं त्यांना वाटलं असणार. हा माझा अंदाज आहे, पण मी तो सोडणार नाही.

शनिवार

निकाल पुन्हा वाचला, पेन्सिल घेऊन.

वादींचं म्हणणं असं की तळं सार्वजनिक नाही. आणि असलं तरी अस्पृश्यांनी तिथे यायचं नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. खालच्या कोर्टात ते १९३१ मध्ये हरले, ठाण्याच्या जिल्हा कोर्टात १९३३ मध्ये हरले आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टातही हरले. इथवर वाचून आनंद होतो. मग कारण वाचावं. तळ्याभोवती आज सवर्णांची घरं आहेत, पण जुन्या काळीही तशीच होती असं मानता येत नाही. घरं येईपर्यंत कुणाला मज्जाव करायचा प्रश्नच फारसा उद्भवला नसेल. म्हणून वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध होत नाही. अपील फेटाळलं.

एवढंच. माणसाला पाण्यावरून हुसकावणं चूक आहे, असं त्या निकालाचं कारण म्हणत नाही. समजा वाद्यांना जुनी कागदपत्रं सापडली असती, समजा घरं तीनशे वर्षांपूर्वीची निघाली असती, तर? निकाल घरांच्या वयावर फिरला असता. मला हे वाचून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हेच ते, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा त्यांनी गांधीजींबद्दल आदराने बोलून, कायदा माणूस पाहत नाही म्हणून शिक्षा सुनावली होती. एका खटल्यात आरोपी थोर असूनही कायद्याने आत गेला, दुसऱ्यात प्रतिवादीची बाजू न्याय्य असूनही तो निव्वळ पुराव्याच्या मुद्द्यावर जिंकला. दोन्ही वेळा न्यायाधीश कायद्याच्या ओळीबाहेर गेले नाहीत. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण ती ओळच कुणी आखली, आणि आखताना कोण हजर होतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आईशी फोनवर बोलले. ती म्हणाली, “जिंकले ना शेवटी, मग?” तिला नीट सांगता आलं नाही. जिंकले, हो. पण हरण्याची शक्यता ज्या गोष्टीवर टांगलेली होती, ती गोष्ट फार क्षुल्लक होती.

रविवार

उद्या दोन पानी टिपण द्यायचंय. संविधानाची प्रत काढली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ते सगळ्यांना पाठ असतं. मी कलम १५ चा दुसरा खंड वाचत बसले. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावं घेऊन सांगितलंय की राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या अशा जागांवर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाला अडवता येणार नाही. संविधानासारख्या दस्तऐवजात तलाव कशाला हवा, असं कुणालाही वाटेल. १९३७ चा निकाल वाचून आलेल्याला नाही वाटणार. त्या खटल्यातले प्रतिवादी दहा वर्षांनी, २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समितीवर नेमले गेले आणि तिचे अध्यक्ष झाले. ‘राज्याच्या पैशाने’ हे शब्द वाचताना मला बोल्यांचा ठराव आठवतो. आता वहिवाट किती जुनी आहे हे कुणी विचारणारच नाही, विचारून उपयोग नाही.

टिपणात मी हेच मांडलंय की महाडचा निकाल योग्य लागला, कारण मात्र अपुरं होतं, आणि ते अपुरेपण कलम १५ मध्ये भरून काढलं गेलं. कच्चा मसुदा लातूरच्या मैत्रिणीला वाचून दाखवला. तिने ‘भरून काढलं गेलं’ खाली रेघ मारली आणि म्हणाली, “कागदावर तर १९२४ लाही भरून निघालं होतं.” नगरपालिकेचा ठराव! मीच सोमवारी वहीत लिहिलेला.

ते वाक्य खोडलं आहे. त्या जागी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. तिच्या गावची ती विहीर कधी खुली झाली, कायद्याने, भांडणाने की घरोघरी नळ आल्याने, हे ती आज रात्री आजीला फोन करून विचारणार आहे. ते कळल्यावर शेवटचा परिच्छेद लिहीन.