केवडा

गच्चीतल्या कुंडीतली भेंडी आठवड्याभरात पिवळी पडली. म्हणजे सगळं पान नाही, फक्त शिरा. मधली घरं हिरवीच. जाळीदार साडीसारखं. मला तर आवडलं! आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन: "केवडा पडलाय गं. आधी वरून पिशवी घाल, मग उपट."

बाकीचे रोग बघा: करपा, भुरी, मर. आणि या विषाणूच्या रोगाचं नाव थेट गणपतीच्या पूजेतलं.

पान उलटलं, तर पांढरी माशी. माशी नावालाच, खरी भाऊबंद रस शोषणाऱ्या माव्या-तुडतुड्यांची. उणापुरा मिलिमीटरभर पिठाचा कण, पण तोंड पाहावं तर सराफाच्या हत्यारासारखं. बाहेर दिसते ती सोंड म्हणजे नुसती म्यान, ती पानात शिरतच नाही. आत जातात केसाहून बारीक चार सुया. बाहेरच्या दोन वाट काढतात. आतल्या दोन एकमेकींना अशा बिलगतात की मध्ये दोन नळ्या तयार होतात. एकीतून रस वर, दुसरीतून लाळ खाली. त्यातली काही लाळ घट्ट होऊन सुयांभोवती अस्तर धरते. मग पेशींच्या फटींतून वळणं घेत स्वारी थेट रसवाहिनीपर्यंत.

अळी बिचारी गावंढळ, पान कुरतडून भोकं पाडते. पण विषाणूला जिवंत पेशी लागते, आणि ही नाजूक जेवणारी पेशी जिवंत ठेवून सुई खुपसते. रोगट झाडाच्या रसातून तो हिच्या पोटात, तिथून रक्तात, मग लाळेत, आणि लाळेतून पुढच्या झाडात. पपईवरच्या माव्याला तर एवढाही खटाटोप नको. विषाणू सुयांच्या टोकाला चिकटतो, काही सेकंदांची चव पुरते. फवारणीने मावा मरेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं.

भेंडीवरच्या केवड्याची पहिली नोंदही आपल्याच मुंबई इलाख्यातली, 1924 ची. 1985 साली परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' आणली. भेंडीच्या एका रानटी भावंडाशी संकर करून केवड्याला दाद न देणारी. आईकडे वर्षानुवर्षं तीच. हल्ली तिच्यावरही पिवळ्या शिरा दिसतात म्हणते.

मी झाड उपटलं. पिशवीची आठवण नंतर झाली. पिठाचा एक ढग उठला, कठड्यावर जरा रेंगाळला आणि पलीकडच्या काकूंच्या गच्चीत उतरला. त्यांच्या भेंडीला परवाच पहिलं फूल आलंय.